कुर्दांची लोकसेना व सीरियांतील यादवी

तुर्कस्तान आणि सीरिया या दोन देशांमधील सरहद्द नकाशावर पाहिली, तर युफ्रेटीस नदीच्या पूर्वेस ती कित्येक कोस दोरी लावून आखल्यासारखी गेलेली दिसते. ही दोरी म्हणजे आगगाडीचा रस्ता होय. बगदादपर्यंत जाण्यासाठीं पहिल्या महायुद्धापूर्वीं जर्मनांनीं जो लोहमार्ग टाकण्यास घेतला, त्याचेच रूळ पुढें १९२१ च्या अंकारा येथील तहांत फ्रेंच व तुर्क मुत्सद्द्यांनीं सरहद्द म्हणून पत्करले. रुळांच्या उत्तरेचें तें तुर्कांचें, दक्षिणेचें तें फ्रेंचांच्या ताब्यांतील सीरियाचें. ज्यांच्या शेतांतून, कुरणांतून व सोयरिकींतून ही रेघ गेली, त्या कुर्द लोकांस कोणीं विचारलें नाहीं. ते लोक मात्र या दोन बाजूंस देशांच्या नांवांनीं न ओळखतां ‘रेघेच्या वर’ आणि ‘रेघेच्या खालीं’ असेंच म्हणत आले आहेत. एक लेक वर दिलेली, दुसरी खालीं दिलेली, अशी तेथील पुष्कळ घराण्यांची स्थिति आहे.

या रेघेस अगदीं खेटून, खालच्या अंगास, कोबानी नांवाचें गांव आहे. अरबींत त्यास ऐन-अल-अरब म्हणतात. कोबानी हें नांव त्या रेल्वेच्या ‘कंपनी’चाच अपभ्रंश आहे, असें सांगण्यांत येतें. २०१४ पूर्वीं या गांवाचें नांव सीरियाबाहेर फारसें कोणीं ऐकलें नव्हतें. त्या सालच्या शरदॠतूंत मात्र साऱ्या जगाची नजर तिकडे लागून राहिली. ज्या ‘इस्लामिक स्टेट’ नामक संघटनेपुढें इराकच्या सरकारी फौजेनें मोसुलसारखें मोठें शहर कांहीं दिवसांतच टाकून दिलें होतें, तिला येथें ज्यांनीं अडवून धरलें, ते कोणा राष्ट्राचे कवायती सैनिक नव्हते. तीं शेतकऱ्यांचीं, विद्यार्थ्यांचीं, शिक्षकांचीं आणि, आमच्या वाचकभगिनींनीं हें विशेष लक्षांत घ्यावें, तरुण मुलींचीं पथकें होतीं. परदेशचें राजकारण म्हणून हें प्रकरण कोणास दूरचें वाटेल. परंतु त्याच वर्षाच्या मे महिन्यांत आमच्या कल्याणचे चार तरुण घरीं न सांगतां इराकांत जाऊन त्या संघटनेस मिळाले होते, हें स्मरलें म्हणजे अंतर तितकेंसें राहत नाहीं.

कुर्द हे अरब नव्हत व तुर्कहि नव्हत. त्यांची भाषा इराणी शाखेची, म्हणजे आपल्या संस्कृताची मावसबहीणच म्हणावयाची. त्यांचे आंकडे मोजून पाहावे: येक, दु, से, चार, पेंज, शेश, हेफ्त, हेश्त, नेह, देह. सप्त, अष्ट, नव, दश यांची ओळख पटण्यास येथें भाषापंडिताची गरज पडत नाहीं. भावास ते ‘बिरा’ म्हणतात, घोड्यास ‘हेस्प’, नांवास ‘नाव’च, आणि स्त्रीस ‘जिन’, जो आपल्या वैदिक ‘जनि’ शब्दाच्या कुळांतला आहे. धर्मानें ते बहुतेक सुन्नी मुसलमान. पण मुंबईचे पारशी ज्या २१ मार्चच्या दिवशीं जमशेदी नवरोज पाळतात, तोच नवरोज कुर्दांचा सर्वांत मोठा सण आहे, आणि जुलमी झोहाक राजाविरुद्ध उठलेला शाहनाम्यांतला कावा लोहार हा त्यांचा आवडता वीर आहे. ख्रिस्ती योद्ध्यांच्या हातून जेरूसलेम परत घेणारा सुलतान सलादीन हाहि कुर्द कुळांतलाच. अशा या लोकांची संख्या तीन ते चार कोटींच्या घरांत असून ते तुर्कस्तान, इराण, इराक व सीरिया या चार देशांत विभागलेले आहेत. स्वतःचें राष्ट्र त्यांस नाहीं. १९२० च्या सेव्हरच्या तहांत त्याचें आश्वासन मिळालें होतें. १९२३ च्या लोझानच्या तहांत कुर्द हा शब्दहि उरला नाहीं. मधल्या तीन वर्षांत केमाल पाशाची तलवार यशस्वी झाली होती, एवढेंच त्याचें कारण.

चौघांपैकीं सीरियांतील कुर्द संख्येनें सर्वांत थोडे. देशाच्या वस्तीच्या सुमारें दहावा हिस्सा. त्यांच्यावरील अन्याय रक्तपाताचा नव्हता, कागदाचा होता, आणि कागदाचा अन्याय किती खोल जातो हें पाहण्यासारखें आहे. ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं सरकारनें हसाका प्रांतांत एका दिवसांत खास शिरगणती केली. १९४५ पूर्वींपासून आपण येथेंच राहत असल्याचा दाखला ज्यास त्या दिवशीं देतां आला नाहीं, तो परका ठरला. अशा रीतीनें सुमारें एक लक्ष वीस हजार कुर्दांचें नागरिकत्व गेलें. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघां भावांपैकीं एक सीरियाचा नागरिक व दुसरा परदेशी, असे प्रकार घडले. परक्यास जमीन धारण करतां येईना, सरकारी नोकरी मिळेना, परदेशीं जाण्याचा परवाना मिळेना. आणि बापाचें परकेपण जन्मतःच मुलाच्या वांट्यास येऊं लागलें. पुढल्या दशकांत सरहद्दीच्या कडेकडेनें अरब कुटुंबें आणून वसविण्यांत आलीं, कुर्द गांवांचीं नांवें बदलून अरबी नांवें ठेवण्यांत आलीं, आणि शाळेंत कुर्द भाषा शिकविणें हा गुन्हा झाला.

येथें अब्दुल्ला ओजलान या माणसाची ओळख करून देणें प्राप्त आहे. रेघेच्या वरच्या, म्हणजे तुर्कस्तानांतल्या, या कुर्द पुढाऱ्यानें १९७८ सालीं ‘कुर्द मजूर पक्ष’ काढला व १९८४ पासून तुर्क सरकाराविरुद्ध सशस्त्र बंड पुकारलें. त्या बंडांत पुढील चाळीस वर्षांत दोन्ही बाजूंचीं मिळून चाळीस हजारांवर माणसें मेलीं. सीरियाचा अध्यक्ष हाफेज असद यानें या ओजलानास आपल्या देशांत आश्रय दिला. यांत कुर्दांविषयींचें प्रेम नव्हतें, हें सांगावयास नको. शेजाऱ्याच्या घरांतील आग आपल्या चुलीस उपयोगीं पडते, एवढाच हिशेब होता. घरच्या कुर्दांना नागरिकत्व नाकारणारा हा गृहस्थ बाहेरच्या कुर्दांना छावण्या देत होता, आणि सीरियांतील हजारों कुर्द तरुण त्या पक्षांत जाऊन तुर्कस्तानच्या डोंगरांत मरत होते. १९९८ सालीं तुर्कस्ताननें युद्धाची धमकी देतांच असदनें पाहुण्यास बाहेर काढलें, आणि पुढील फेब्रुवारींत तो नैरोबी येथें पकडला गेला. तेव्हांपासून मार्मारा समुद्रांतील इमराली बेटावरील तुरुंगांत त्यानें वाचन केलें. त्यांत मरे बुकचिन नामक अमेरिकन विचारवंताचे ग्रंथ होते, आणि त्या वाचनानें त्याचें मन पालटलें. स्वतंत्र राष्ट्राची मागणी सोडून, गांवोगांवच्या व आळीआळीच्या सभांनीं आपला कारभार आपणच चालवावा, आणि स्त्रियांच्या मुक्तीवांचून समाजाची मुक्ति नाहीं, असें तो प्रतिपादूं लागला. याच विचारावर २००३ सालीं सीरियांतील कुर्दांचा ‘लोकशाही ऐक्य पक्ष’ उभा राहिला. एका तुर्क तुरुंगांतल्या कैद्यानें वाचलेलीं अमेरिकन पुस्तकें अरब राजवटीखालच्या कुर्द खेड्यांची घटना ठरवितात, हा योग विलक्षण खरा.

मार्च २००४ मध्यें कामिश्ली गांवीं फुटबॉलच्या सामन्यावरून कुर्द व अरब प्रेक्षकांत दंगल झाली, फौजेनें गोळ्या चालविल्या आणि तीसांवर माणसें मारलीं गेलीं. त्यानंतर कुर्द तरुणांच्या मनांत एक गोष्ट पक्की बसली कीं, पुढच्या वेळीं आपल्या हातांत कांहीं तरी असलें पाहिजे. पुढची वेळ २०११ सालीं आली. मार्चमध्यें दरा शहरापासून सीरियांत असंतोष भडकला. हाफेजचा मुलगा बशर असद गादीवर होता. त्यानें घाईघाईनें एप्रिलमध्यें हुकूम काढून, ४९ वर्षांपूर्वीं परके ठरविलेल्या कुर्दांच्या मोठ्या वर्गास नागरिकत्व परत दिलें. जें अर्धशतक मागून मिळालें नाहीं तें एका महिन्यांत मिळालें! कुर्दांनीं तें घेतलें आणि तटस्थ राहण्याचें धोरण स्वीकारलें. असदचा त्यांस विश्वास नव्हता. बंडखोर अरब पुढाऱ्यांनींहि ‘तुमचें पुढें पाहूं’ यापलीकडे त्यांस शब्द दिला नव्हता, आणि त्या बंडखोरांचा पाठीराखा तर तुर्कस्तान होता.

जुलै २०१२ मध्यें राजधानीवर संकट आल्यामुळें असदनें उत्तरेकडील फौज काढून घेण्यास आरंभ केला. १९ जुलै रोजीं कोबानींत कुर्दांच्या हत्यारबंद तुकड्यांनीं सरकारी कचेऱ्या ताब्यांत घेतल्या. रक्तपात जवळजवळ झालाच नाहीं. पाठोपाठ अफरीन, अमूदा, देरिक हीं गांवें हातीं आलीं. या तुकड्यांचें नांव ‘येकिनेयेन पारास्तिना गेल’, म्हणजे लोकसंरक्षक पथकें. आद्याक्षरांवरून जग त्यांस वाय. पी. जी. या नांवानें ओळखतें. एप्रिल २०१३ मध्यें स्त्रियांचीं स्वतंत्र पथकें निघालीं. त्यांचें नांव वाय. पी. जे., आणि त्यांतील शेवटचें अक्षर वर सांगितलेल्या ‘जिन’ शब्दाचें. जानेवारी २०१४ मध्यें जझीरा, कोबानी व अफरीन अशा तीन प्रांतांनीं आपला स्वायत्त कारभार जाहीर केला. या सर्व मुलुखास ते ‘रोजावा’ म्हणतात. ‘रोज’ म्हणजे दिवस किंवा सूर्य. तो जिकडे मावळतो ती पश्चिम दिशा. कुर्दस्थानचा पश्चिम भाग, इतकाच त्याचा अर्थ.

त्यांचे शत्रु म्हणत कीं, हें सारें असदशीं संगनमत होय. तें निखालस खोटें म्हणतां येणार नाहीं. कामिश्लीचा विमानतळ व कांहीं सरकारी चौक्या असदच्याच हातीं राहिल्या, शिक्षकांचा पगार दमास्कसहून येत राहिला, आणि रुमेलानच्या विहिरींचें तेल मध्यस्थांच्या मार्फत त्याच्याच मुलुखांत विकलें जात होतें. पण भोंवतालीं आग लागलेली असतां ज्यास आपलें खळें वांचवावयाचें असतें, तो विहिरीच्या मालकाशीं भांडत बसत नाहीं. कुर्दांनीं आपलीं गांवें बॉम्बपासून वांचविलीं, आणि त्याची किंमत म्हणून अरब बंडखोरांची अप्रीति कायमची पदरीं घेतली. हा सौदा शहाणपणाचा होता कीं नाहीं याविषयीं त्या लोकांतच अद्याप मतभेद आहे.

आतां लढायांकडे वळूं. ‘कुर्दास डोंगराखेरीज मित्र नाहीं’ अशी त्यांच्यांत म्हण आहे. तुर्कस्तान, इराक व इराण येथील कुर्दांस ती लागू पडते. पण सीरियांतील कुर्दांचें दुर्दैव असें कीं, पश्चिमेकडील अफरीन सोडल्यास त्यांच्याकडे डोंगरहि नाहीं. गव्हाकापसाच्या सपाट शेतांतून त्यांस लढावें लागलें. २०१२ च्या नोव्हेंबरपासून सेरेकानिये, ज्यास अरबींत रास-अल-ऐन म्हणतात, त्या गांवीं ‘नुस्रा’ या धर्मवेड्या संघटनेशीं त्यांची झुंज लागली आणि पुढील जुलैंत त्यांनीं तिला गांवाबाहेर हांकललें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. लेखाच्या अखेरीस त्याचें प्रयोजन पडेल.

३ ऑगस्ट २०१४ रोजीं इस्लामिक स्टेटनें इराकांतील सिंजार प्रांतावर घाला घातला. तेथें यझिदी राहतात. भाषेनें कुर्द, पण धर्मानें निराळे, मयूररूपी देवदूतास भजणारे. त्यांच्या रक्षणास ठेवलेली इराकी कुर्दांची ‘पेशमर्गा’ फौज रातोरात निघून गेली. पुरुषांच्या कत्तली झाल्या, हजारों बायकामुली बाजारांत विकल्या गेल्या, आणि उरलेलीं हजारों माणसें ऐन उन्हाळ्यांत सिंजारच्या उघड्या डोंगरावर पाण्यावांचून अडकून पडलीं. त्या वेळीं सीरियांतून वाय. पी. जी.च्या तुकड्यांनीं, तुर्कस्तानांतील कुर्द बंडखोरांच्या साह्यानें, शत्रूच्या फळींतून एक वाट कापून काढली व त्या वाटेनें हजारों जीव सीरियांत उतरवून आणले. या लोकसेनेच्या साऱ्या कारकीर्दींत इतकें निर्मळ काम दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे.

पुढच्याच महिन्यांत कोबानीवर गदा आली. मोसुल येथें मिळालेल्या अमेरिकन तोफा व रणगाडे घेऊन इस्लामिक स्टेट तीन बाजूंनीं चालून आलें. चौथ्या बाजूस ती रेल्वेची रेघ, आणि रेघेपलीकडे तुर्कांचे रणगाडे टेकडीवर उभे राहून मौजेनें पाहत होते. कांहीं दिवसांत आसपासचीं तीनशेंवर खेडीं पडलीं व दीड लक्षाहून अधिक लोक डोक्यावर गांठोडीं, हातीं मुलें आणि दोरींत मेंढ्या धरून रेघ ओलांडून गेले. गांवांत उरले ते लढणारे. त्यांच्यापाशीं कलाश्निकोव्ह बंदुका, थोड्या मशीनगन आणि घरींच पत्रे ठोकून चिलखत चढविलेल्या कांहीं मोटारी होत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत गांवावर नजर ठेवणारी मिश्तेनूर टेकडी पडली. ५ तारखेस तेथेंच अरीन मिर्कान या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तरुणीनें शत्रूंत शिरून अंगावरील स्फोटकांसह आपला अंत करून घेतला. ही गोष्ट पुढें गीतांचा व पुतळ्यांचा विषय झाली. आम्हांस मात्र ती ऐकतांना अभिमानापेक्षां अंगावर शहाराच अधिक येतो, हें कबूल करतों. ज्या समाजांत वीस-बावीस वर्षांच्या मुलीस एवढाच मार्ग मोकळा उरतो, त्याच्या संकटाची कल्पना आपण घरीं बसून काय करणार?

७ ऑक्टोबर रोजीं तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनीं कोबानी पडण्याच्या बेतांत आहे असें जाहीरपणें सांगितलें. त्या दिवसांत तुर्कस्तानांतील कुर्द रस्त्यावर आले व दंग्यांत तीसांहून अधिक माणसें मेलीं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी यांनींहि या गांवाचें रक्षण हें आपलें मुख्य उद्दिष्ट नसल्याचें सुचविलें. पण गांव पडलें नाहीं. घराघराच्या भिंतींना भोंकें पाडून, एका माजघरांतून दुसऱ्या माजघरांत सरकत, रस्त्यांवर चादरींचे पडदे टांगून शत्रूच्या नेमबाजांची दृष्टि अडवीत त्यांनीं तो महिना काढला. शेवटीं जगाच्या पत्रांतून व पडद्यांवर रोज दिसणाऱ्या त्या झुंजीची लाज अमेरिकेस वाटली, कीं शत्रूस एका जागीं गोळा झालेला पाहून मारण्याची संधि तिला दिसली, हें तीच जाणे. विमानांचे हल्ले वाढले. २० ऑक्टोबरच्या पहांटे तीन अमेरिकन विमानांनीं बंदुका, दारूगोळा व औषधें यांचे गठ्ठे आकाशांतून टाकले. त्यांतला एक शत्रूच्या हातीं पडला, तो भाग वेगळा. महिनाअखेर तुर्कस्ताननें वाट दिल्यामुळें इराकांतून दीडशें पेशमर्गा शिपाई तोफा घेऊन पोंचले. कांहीं अरब बंडखोरांच्या तुकड्याहि आरंभापासून कुर्दांच्या खांद्यास खांदा लावून लढत होत्या. त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम घेतों. २६ जानेवारी २०१५ रोजीं गांव मोकळें झालें. दोन्हीकडचे मिळून दीड हजारांवर लोक मेले होते, आणि तीन हजारांहून अधिक इमारती मोडून वा ढांसळून पडल्या होत्या.

विजय झाला, पण गांव कोठें होतें? परत आलेल्यांना आपली आळी ओळखतां येईना. जूनच्या अखेरीस वेष पालटून आलेल्या मारेकऱ्यांनीं दोन दिवसांत दोनशेंवर निरपराध नागरिक कापून काढले. त्याच सालच्या सप्टेंबरांत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाळूंत पालथा पडलेल्या, तांबड्या सदऱ्यांतील चिमुकल्या बाळाचें छायाचित्र साऱ्या पृथ्वीनें पाहिलें. तें बाळ याच कोबानीच्या एका कुटुंबांतलें होतें.

स्त्रियांच्या पथकांविषयीं युरोप-अमेरिकेंतील मासिकांनीं पुष्कळ रंगीत मजकूर छापला. हंसऱ्या मुली, खांद्यावर बंदूक, केसांस फुलांचा रुमाल. ह्या चित्रांत खरें महत्त्वाचें तें सुटतें. जझीरा प्रांताच्या कारभाऱ्यांनीं २०१४ सालीं फर्मान काढून अठरा वर्षांखालील मुलीचें लग्न बंद केलें, पुरुषास दुसरी बायको करण्यास मनाई केली, व वारशांत मुलीस मुलाइतकाच वांटा ठरविला. प्रत्येक कचेरींत एक पुरुष व एक स्त्री असे दोन प्रमुख नेमण्याचा परिपाठ पाडला. टोळ्यांच्या चालीरीतींत वाढलेल्या त्या प्रदेशांत हें करणें बंदूक चालविण्याइतकेंच धाडसाचें होतें. बंदूक हातीं नसती तर तीं फर्मानें कोणीं मानलीं असतीं काय, हा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. उलटपक्षीं, पक्षाच्या आंतल्या गोटांतील बायकापुरुषांस विवाहाची बंदी आहे. घरदार सोडून आलेला ‘हेवाल’, म्हणजे सोबती, हाच त्यांचा आदर्श. ज्यांच्या मुली एके दिवशीं उठून पथकांत गेल्या त्या आयांचें मत कोणीं विचारलें होतें, असें दिसत नाहीं.

आम्ही येथें या सेनेची वकिली करावयास बसलेलों नाहीं, म्हणून दुसरी बाजूहि स्पष्ट सांगितली पाहिजे. जून २०१३ मध्यें अमूदा गांवीं पक्षाविरुद्ध निघालेल्या कुर्दांच्याच मिरवणुकीवर या पथकांनीं गोळ्या झाडल्या व माणसें मारलीं. विरुद्ध पक्षांच्या कचेऱ्या बंद पाडल्या, पुढाऱ्यांस तुरुंगांत टाकलें. जुलै २०१४ मध्यें सक्तीच्या लष्करी नोकरीचा कायदा झाला, आणि त्यास भिऊन कित्येक तरुण देश सोडून गेले. अठरा वर्षांखालील मुलामुलींस भरती करण्याचा दोष तर वारंवार सिद्ध झाला. त्याच जुलैंत १४९ मुलें पथकांतून काढून घरीं पाठविलीं, तरी ती खोड सुटली नाहीं, आणि २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाशीं पुन्हां तसाच करार करावा लागला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें ऑक्टोबर २०१५ मध्यें अहवाल काढून, जिंकलेल्या मुलुखांतील कांहीं अरब व तुर्कमान गांवें पाडल्याचा व लोकांस हुसकल्याचा आरोप केला. राष्ट्रसंघाच्या चौकशी-मंडळानें २०१७ सालीं, जातिद्वेषानें वस्ती उठविल्याचा पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. परंतु ज्याचें घर यंत्रानें पाडलें त्यास त्यामागील हेतूच्या चर्चेनें काय समाधान? आणि अरबांस तेथें आणून वसविल्याची जुनी जखम कुर्दांच्या मनांत जिवंत होती, हें विसरून या प्रकरणाचा निवाडा करतां येत नाहीं.

कोबानीनंतर अमेरिकेनें या सेनेस आपलें पायदळ केलें. अडचण एकच होती. ओजलानच्या मूळ पक्षास अमेरिकेनें १९९७ सालींच दहशतवादी ठरविलें होतें, आणि त्याच्याच तसबिरी या सेनेच्या भिंतींवर टांगलेल्या होत्या. थोरल्या भावास दरोडेखोर ठरवावें व धाकट्यास दरवान नेमावें, असा हा मामला. तेव्हां अमेरिकन सेनापतींनीं नांव बदलण्याची सूचना केली. ऑक्टोबर २०१५ मध्यें अरब, सिरियाक ख्रिस्ती व इतर तुकड्या सामील करून ‘सीरियन लोकशाही सेना’ उभी राहिली. मझलूम अब्दी हा कोबानीचाच गृहस्थ तिचा सेनापति. नांवाच्या या युक्तीचा किस्सा एका अमेरिकन सेनापतीनें पुढें भर सभेंत हंसत हंसत सांगितला. तुर्कस्तानांत तो हंसण्यावारी गेला नाहीं.

ऑगस्ट २०१६ त मन्बिज, मे २०१७ त तब्काचें धरण, आणि ऑक्टोबर २०१७ त इस्लामिक स्टेटची राजधानी रक्का, अशीं एकामागून एक ठाणीं या सेनेनें घेतलीं. रक्का मुख्यतः अरब शहर. चार महिन्यांच्या वेढ्यांत वरून अमेरिकन, ब्रिटिश व फ्रेंच मारा झाला त्यांत १,६०० हून अधिक नागरिक मेले, असा ॲम्नेस्टीचा हिशेब आहे. शहराचा बहुतेक भाग ढिगारा झाला. आणि त्या ढिगाऱ्याच्या चौकांत विजयी कुर्द मुलींनीं ओजलानची भली मोठी तसबीर उभारली. अरब नागरिकांस काय वाटलें असेल! मुक्तिदात्यांस इतकें भान राहिलें असतें, तर पुढील कटुता कांहीं अंशीं टळती. २३ मार्च २०१९ रोजीं बागूझ खेड्यांत शत्रूचा अखेरचा तळ पडला. या सर्व युद्धांत आपलीं अकरा हजार माणसें कामास आलीं, असें या सेनेनें सांगितलें.

एवढ्या सेवेचें वेतन काय मिळालें? जानेवारी २०१८ मध्यें तुर्क फौज अफरीनवर चालून गेली. तेथील आकाश रशियाच्या हातीं होतें. रशियानें तें मोकळें सोडलें, अमेरिकेनें तो प्रांत आपल्या कक्षेबाहेरचा म्हणून हात झटकले. १८ मार्च रोजीं गांव पडलें, लाखावर कुर्द देशोधडीस लागले, त्यांचे जैतुनाचे बाग दुसऱ्यांच्या हातीं गेले, आणि चौकांतील कावा लोहाराचा पुतळा नवरोजच्या तीन दिवस आधीं दोर लावून पाडण्यांत आला. पुढल्या वर्षीं, ६ ऑक्टोबर २०१९ रोजीं, अमेरिकन अध्यक्ष ट्रम्प यांनीं सरहद्दीवरून आपले शिपाई मागें घेण्याचें जाहीर केलें, आणि तीन दिवसांनीं तुर्क तोफा सुरू झाल्या. नुस्राच्या हातून सोडविलेलें तें सेरेकानिये गेलें, दीड लक्षाहून अधिक लोक पुन्हां गांठोडीं घेऊन निघाले, आणि हेव्रिन खलफ नामक तरुण कुर्द राजकीय पुढारीण हमरस्त्यावर मारली गेली. कुर्दांनीं दुसऱ्या महायुद्धांत नॉर्मंडींत आपल्यास मदत केली नव्हती, असें त्या वेळीं ट्रम्पसाहेब म्हणाले. ज्या लोकांस राष्ट्र नाहीं, फौज नाहीं, त्यांनीं १९४४ सालीं आरमार कोठून आणावयाचें होतें? निघून जाणाऱ्या अमेरिकन गाड्यांवर कामिश्लीच्या लोकांनीं बटाटे फेकले. तेवढाच त्यांच्या हातीं उपाय होता.

तरी पहारा त्यांचाच राहिला. इस्लामिक स्टेटचे सुमारें दहा हजार कैदी या लोकांच्या तुरुंगांत होते, आणि अल-होल येथील छावणींत २०१९ सालीं सत्तर हजारांवर माणसें होतीं. बहुतेक बायका व मुलें, कित्येक देशांचीं. ज्या श्रीमंत राष्ट्रांचे ते नागरिक, त्यांतील पुष्कळांनीं त्यांस परत घेण्याचें नाकारलें. जानेवारी २०२२ मध्यें हसाका येथील तुरुंग फोडण्याचा प्रयत्न झाला. सुमारें दहा दिवस लढाई होऊन पहारेकरी व शिपाई मिळून शंभरावर प्राणांस मुकले. हें सारें कशासाठीं, असा प्रश्न हसाकाच्या एखाद्या आईनें केला असता, तर युरोपांतील कोणत्या मंत्र्यानें उत्तर दिलें असतें?

८ डिसेंबर २०२४ रोजीं बशर असद रशियास पळाला आणि यादवीचा मुख्य अंक संपला. दमास्कसच्या सत्तेवर आले ते अहमद अल-शरा. हेच पूर्वीं अबू महंमद अल-जुलानी या नांवानें त्या नुस्रा संघटनेचे नायक होते. सेरेकानियेच्या गल्ल्यांतून ज्या दोन सेना एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, त्यांचे दोन नायक १० मार्च २०२५ रोजीं दमास्कस येथें एका मेजाशीं बसले व त्यांनीं आठ कलमांच्या करारावर सह्या केल्या. कुर्द समाज हा सीरियाचा मूळचा घटक असून त्यास नागरिकत्वाचा व सर्व हक्कांचा अधिकार आहे, हें त्यांत प्रथमच मान्य झालें. १९६२ च्या त्या एका दिवसाचें उत्तर येण्यास त्रेसष्ट वर्षें लागलीं. त्याच्या बदल्यांत सरहद्दीचीं नाकीं, विमानतळ, तेलाच्या विहिरी आणि सर्व मुलकी व लष्करी संस्था वर्षअखेरपर्यंत राष्ट्राच्या कारभारांत विलीन व्हावयाच्या होत्या. पथकें अखंड ठेवून विलीन करावयाचीं, कीं एकेका शिपायास सुटा करून, आणि मुलींच्या पथकांचें काय, हें मात्र त्या कागदांत लिहिलेलें नव्हतें.